डॉक्टर घडवणाऱ्या विद्यापीठात फळमाश्या कशाला?

खडूफळा:
एका वैद्यकीय विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या संशोधनाचे विषय परवा वाचत बसलो होतो. फळमाशीच्या शरीरातलं घड्याळ. झेब्राफिशचं हृदय पुन्हा कसं वाढतं. यीस्टमधल्या प्रथिनांच्या घड्या. उंदराच्या चरबीतला कुठलासा रिसेप्टर. खाली, पार खाली एक बाई सापडल्या, ज्या मधुमेहींच्या पायाच्या जखमा का भरत नाहीत ते शोधतायत.

मूलभूत संशोधनाला माझा विरोध नाही, पण त्यासाठी वेगळ्या विज्ञानसंस्था असतात. वॉर्ड मात्र मेडिकलवाल्यांकडेच असतो आणि काही प्रश्न वॉर्डाशिवाय सुटतच नाहीत. २०२० साली ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे कित्येक दशकं जुनं, स्वस्त स्टिरॉइड कोविडच्या रुग्णांना देऊन पाहिलं. कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि किती वाचले, किती गेले ते मोजलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ना नवा रेणू, ना माशी. अशा कामाला माणसं कमी आणि माशीपुढे रांग, हे उलटं नाही का?

पिपेटवाली:
सहमत नाही. माशीवरच घसरलात म्हणून माशीचंच सांगते.

१९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने टोल नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्यांना बुरशीची लागण केली. माश्या मेल्या. त्यातल्या एकीचा फोटो प्रसिद्ध आहे, अंगभर बुरशीचे तंतू, जणू लोकर उगवलीय. टोलची आधीची ख्याती काय, तर भ्रूणाचं पाठ-पोट ठरवणारं जनुक! दोन वर्षांनी डॅलसच्या मेडिकल सेंटरमध्ये (हो, मेडिकल) ब्रूस बॉयटलर जिवाणूंच्या विषाला दाद न देणाऱ्या उंदरांमागचं कारण शोधत होते. हाती लागलं ते जनुक टोलचं भावंड निघालं, टीएलआर४ नावाचं. २०११ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. जंतू शिरलाय हे शरीराला कळतं कसं, याचा मोठा धागा त्या लोकर उगवलेल्या माशीकडून आला.

खडूफळा:
@पिपेटवाली, छान, पण पुढचं पानही उलटा. त्याच टीएलआर४ ला अडवणारं एरिटोरान नावाचं औषध सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतलेल्या) जवळपास दोन हजार रुग्णांवर तपासलं. २०१३ मध्ये निकाल छापून आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत.

पिपेटवाली:
म्हणून जंतू ओळखायची यंत्रणाच खोटी ठरली का? औषध नापास झालं, जीवशास्त्र नव्हे. उंदीर म्हणजे छोटा माणूस नाही, एवढं आम्हालाही कळतं हो.

तिसरा बाक:
तुमचं चालू द्या, मी शंभूनाथ डे यांना मध्ये आणतो. कलकत्त्यात मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवणारा माणूस. त्यांनी सशाचं पोट उघडलं, लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने आवळून बंद केला, आत कॉलऱ्याचे जंतू टोचले आणि पोट शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा टम्म फुगलेला, आत पाणीच पाणी. १९५९ च्या लेखात त्यांनी जंतू गाळून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव टोचला. तरी तुकडा फुगला. म्हणजे पाणी खेचतं ते जंतूने बाहेर सोडलेलं विष. सुई, दोरा, ससा. बाकी फार काही लागलं नाही.

१९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी आतड्यात ग्लुकोज सोडियमला (म्हणजे मिठातल्या घटकाला) सोबत घेऊन आत शिरतं ही कल्पना मांडली; त्यांच्यामागोमाग पाणीही शोषलं जातं. शुद्ध प्रयोगशाळेतली गोष्ट. आणि १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोज-सोड्याचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ च्या खाली आलं. आता यातला माशीवाला कोण आणि वॉर्डवाला कोण, सांगा.

रात्रपाळी:
खडूफळा सर, वॉर्डातलं संशोधन तुम्ही लांबून बघताय. मी निवासी डॉक्टर आहे. आमच्या सरांना बढतीसाठी पेपर हवे होते. रात्री दोनला ड्रेसिंग उरकून मी रुग्णांच्या माहितीचे प्रोफॉर्मे भरायचे. वजन राहिलं असेल तर अंदाजे. शेवटी पेपर छापून आला, माझं नाव तिसरं, आणि तो आम्हा तिघांखेरीज कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. रुग्णाच्या प्रश्नावरच होता बरं का. मोकळा अर्धा दिवस आणि आकडेशास्त्र जाणणारा एक माणूस दिल्याशिवाय वॉर्डातून हेच निघणार.

खडूफळा:
अंदाजे वजन वाचून पोटात गोळा आला. पण प्रयोगशाळाही धुतल्या तांदळाची नाही. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीच्या माजी शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोधनिबंध त्यांनी पुन्हा करून पाहिले. जुळले ६.

पिपेटवाली:
तो आकडा आम्हालाही टोचतो. खरं सांगायचं तर आमच्या लॅबपासून वॉर्ड दोन मजले खाली आहे आणि तीन वर्षांत मी एकदाच गेलेय, रक्ताच्या नळ्या आणायला. नळीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. तरीही विचारते, तुम्ही कुलगुरू असता तर माशीवाल्यांना काढून टाकलं असतं?

खडूफळा:
नाही काढलं असतं. टोलपुढे मी गप्प. पण आत्ता ती यादी परत उघडली. फळमाशीवाल्यांच्या गटात सहा विद्यार्थी. पायाच्या जखमावाल्या बाईंच्या नावाखाली विद्यार्थ्यांचा रकाना आहे, तो रिकामा.