मुलाखतीत तोंड आवरायचं कसं? (क्वालिटी इंजिनिअर, चाकण)

कॅलिपर_25
क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत आहे, आधी टेक्निकल, मग एचआर. अनुभव 4 वर्षं, मशीन शॉप. प्रश्न एका ओळीचा असतो आणि उत्तर पाच मिनिटं चालतं. त्या ओघात आधीच्या कंपनीतली भांडणं, घराचे हप्ते, सगळं बाहेर पडतं. नेमकं कुठे थांबायचं हे ठरवायचं कसं? "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा.

गो_नोगो
टेक्निकलपुरतं सांगतो. "एखादी कस्टमर कम्प्लेंट कशी सोडवली?" हे विचारतातच, आणि घसरगुंडी तिथेच होते. एट-डी (तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्या, डी-1 ते डी-8) पाठ असतो, म्हणून माणूस डी-1 पासून, टीममध्ये कोण कोण होतं इथून सुरू करतो. समोरच्याला हवं असतं डी-3 ते डी-6: माल कसा अडवला, कारण काय निघालं, काय बदललं. हे असं (मापं मिलिमीटरमध्ये; बोअर म्हणजे भोक, एच-7 म्हणजे त्याच्या मापाला चालणारी सूट, एअर गेज म्हणजे हवेच्या दाबाने भोक मोजायचं साधन, इन्सर्ट म्हणजे कापणारं बदलायचं टोक, वेअर ऑफसेट म्हणजे टोक झिजलं की मशीनला दिलेली दुरुस्ती):

"25 एच-7 चा बोअर, वरची मर्यादा 25.021. ग्राहकाकडे 25.03 चे पार्ट गेले. स्टोअरमधला आणि वाटेतला माल एअर गेजवर शंभर टक्के तपासला. इन्सर्ट बदलला होता, पण जुन्या इन्सर्टला दिलेला वेअर ऑफसेट शून्य केला नव्हता, त्यामुळे नव्या इन्सर्टचे पहिले पार्ट मोठे झाले. तपासणी दर 20 पार्टला एक, म्हणून ते निसटले. आता इन्सर्ट बदलला की पहिला पार्ट मंजूर झाल्याशिवाय पुढचा लागत नाही."

बास. अर्ध्या-पाऊण मिनिटात झालं. पुढचं हवं असेल तर ते विचारतील. घोटाळा याच्या पुढच्या वाक्यात होतो: "तसंही रात्रपाळीचा इन्स्पेक्टर झोपलेलाच असायचा." समोरचा लगेच ओळखतो की उद्या आमच्या प्लांटबद्दलही हा असंच बोलेल. ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबरही नको, "एक दुचाकी कंपनी" एवढं पुरतं.

तयारी करताना प्रत्येक उत्तराचं शेवटचं वाक्य आधी ठरवा. सुरुवात सगळे पाठ करतात आणि शेवट माहीत नसल्यामुळे गाडी थांबत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, "म्हणजे तसं बघायला गेलं तर" कितीदा येतं ते मोजा.

पेरोलवाली
उत्तर संपलं की एचआर मान खाली घालून लिहायला लागते. ती चार-पाच सेकंदांची शांतता उमेदवाराला खायला उठते. तिला उत्तर आवडलं नाही असं वाटून तो आणखी बोलतो, आणि हप्त्यांचा विषय नेमका तिथे निघतो. ती फक्त लिहितेय. लिहू द्या. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, तिथे मनात तीन अंक मोजा.

"घरी कोण कोण असतं?" यामागे बहुतेक वेळा शिफ्ट आणि येण्याजाण्याची काळजी असते. उत्तर त्या काळजीला द्या: "आई-वडील असतात. भोसरीत राहतो, तिन्ही पाळ्या चालतील." वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न कोणी विचारलेलं नाही. मुलींना "लग्नाचा काय विचार?" विचारतात, विचारू नये, तरी विचारतात. तिथेही "कामाच्या वेळांना अडचण नाही" एवढंच.

पगाराचा आकडा एकच सांगा आणि गप्प बसा. "आठ, पण थोडं इकडंतिकडं चालेल" म्हणालात की बोलणी सातपासून सुरू होतात. सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांची गल्लत नको. सीटीसीत बहुधा कंपनीचा 12 टक्के पीएफ आणि बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते.

ड्राफ्टमन
वरचं पटतं, पण "कमी बोला" ऐकून काही जण "हो", "नाही", "ठीक" यावरच येतात. मग एचआरला वाटतं काहीतरी लपवताहेत. आणि काही गोष्टी लपतही नाहीत: यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायम नंबरच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, पगाराच्या स्लिपा मागतात. आठ महिन्यांची गॅप असेल तर स्वतःहून, पण एकाच वाक्यात सांगा. मधली तीन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळू नका.

कॅलिपर_25
आभार. दोनच राहिलं. सोडण्याचं खरं कारण साहेबांशी पटत नाही हे आहे. नोटीस 90 दिवसांची आहे.

पेरोलवाली
साहेबांचा विषय काढू नका. खोटंही नको. सोडण्याची कारणं सहसा दोन-तीन असतात, त्यातलं कामाशी जोडलेलं एक निवडा: "चार वर्षं एकाच लाइनवर आहे, नवीन पार्ट डेव्हलपमेंटमध्ये काम करायचंय." "साहेब कसे होते?" असं थेट विचारलं तर "कामाची पद्धत वेगळी होती, रिपोर्टिंग वेळेवर होत होतं" म्हणून थांबा.

नोटीसबद्दल बोलायच्या आधी तुमचं नियुक्तिपत्र काढून वाचा. उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येतं का, ते त्यात असतं. नसेल तर "90 दिवस" म्हणा. "बोलून बघतो, 30 मध्ये होईल" असं तिथे कबूल करू नका, ती तारीख त्याच दिवशी ऑफर लेटरमध्ये जाते.