व्हर्च्युअलबॉक्समधील उबुंटू फार संथ चालते. हिरव्या कासवाचा अर्थ काय?

प्रश्न
नमस्कार. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. सी भाषेचा सराव लिनक्सवर करायचा असल्याने मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उबुंटू २४.०४ हे लिनक्स बसवले आणि त्याला ४ जीबी रॅम, २ प्रोसेसर व २५ जीबीची डिस्क दिली. परंतु टर्मिनल उघडायलाही बराच वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलायझेशन (आभासी संगणक चालवण्याची प्रोसेसरची सोय) सुरू दिसते, म्हणजे बायोसमध्ये, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही राहिलेले नसावे. खिडकीच्या तळाशी मात्र हिरवे कासव दिसते. त्याचा या संथपणाशी संबंध आहे का? लॅपटॉप घरातले सगळेच वापरतात, त्यामुळे विंडोज काढता येणार नाही.

पहिले उत्तर
संबंध आहे. प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या हायपर-व्हीने (आभासी संगणक चालवणाऱ्या अंगभूत यंत्रणेने) आधीच ताब्यात घेतलेली असली, की व्हर्च्युअलबॉक्सला ती थेट मिळत नाही आणि त्याला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावे लागते. कासव हेच सांगते. आपण हायपर-व्ही स्वतः सुरू केले नसले, तरी विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली असलेली मेमरी इंटिग्रिटी त्याच्याच आधाराने चालते आणि नव्या लॅपटॉपवर ती बहुधा आधीपासून सुरू असते. ती बंद केल्यास वेग वाढू शकेल. परंतु घातक ड्रायव्हरना विंडोजच्या गाभ्यात शिरण्यापासून तीच अडवते. घरचे बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवर होत असतील, तर ती बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे उत्तर
वरील मताशी मी सहमत आहे. शिवाय ८ पैकी ४ जीबी उबुंटूला दिल्यावर विंडोजचीही ओढाताण होते. सी शिकण्यासाठी टर्मिनल आणि जीसीसी हा सीचा कंपायलर पुरेसे असल्यास डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, वापरून पाहावे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) हायपर-व्हीच्याच तंत्रावर चालतो, त्यामुळे काहीही बंद करावे लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: प्रोग्रॅमच्या फाइली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवाव्यात, कारण तिथून सी ड्राइव्हवरील फाइली वाचणे बरेच संथ असते. डेस्कटॉप हवाच असेल, तर झुबुंटूसारखी हलकी आवृत्ती बसवावी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडील बँकेची कामे इथेच करतात, म्हणून मेमरी इंटिग्रिटीला हात लावला नाही. डब्ल्यूएसएलमध्ये जीसीसी बसवले असून टर्मिनल आता चटकन उघडते. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या मशीनमधील माझ्या फाइली विंडोजमध्ये कशा आणाव्यात?

पहिले उत्तर देणारा
त्या मशीनमध्ये गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सची जोड-साधने) बसवून सेटिंग्जमधून शेअर्ड फोल्डर, म्हणजे विंडोज व उबुंटू दोन्हींना दिसणारा फोल्डर, जोडावा. ‘परवानगी नाही’ असा संदेश आल्यास आपल्या वापरकर्त्याला व्हीबॉक्स-एसएफ (vboxsf) या शेअर्ड फोल्डर वापरू शकणाऱ्यांच्या गटात घालून उबुंटू पुन्हा सुरू करावे. फाइली हाती आल्याची खात्री होईपर्यंत जुने मशीन पुसू नये.