पाळकाने युद्धाचा इतिहास का वाचावा?

बायबल आणि भाष्यग्रंथ असताना पाळकाने युद्धाच्या इतिहासात वेळ का घालवावा, असं वर विचारलंय. पुण्यात पाळकीय सेवा करतो, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

डीट्रिख बॉनहॉफर हा जर्मन पाळक १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुखरूप होता. पण आपले लोक संकटात असताना दूर राहणं त्याला पटेना, काही आठवड्यांतच तो परतला. ९ एप्रिल १९४५ला नाझींनी त्याला फाशी दिली. त्याच दिवशी इटलीत सेनियो नदीवर मराठा पलटणीचे नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातले, गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून सुरक्षित जागी नेत होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

ही दोन नावं मी एका रविवारी उपदेशात घेतली. पुढे खडकीत एका आजींच्या घरी गेलो, तर त्यांनी ट्रंकेतून धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं वडिलांचं पदक काढलं. फीत पार विटलेली. "बाबा इटलीहून आले ते गप्पच राहिले, कुणी विचारलंही नाही," म्हणाल्या. मग तासभर बोलत होत्या. मी वाचलं नसतं तर त्यांना काय विचारायचं हेच मला सुचलं नसतं. भाष्यग्रंथ हवेतच, पण लोकांच्या घरातलं असं दुःख त्यात सापडत नाही.

यंदा नोव्हेंबरात तरुण संघाला खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत नेतोय. कुणाच्या घरी आजोबांची पत्रं असतील तर जरूर कळवा.