सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरच्या सगळ्यांचा फोटो: फोटोग्राफर कसा निवडावा?

वाईची सून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाईला आमच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. चार पिढ्या मिळून २३ माणसं जमतील. मोठे दीर न्यू जर्सीहून येतायत, नणंदेकडचे बंगळुरूहून. सगळे असे पुन्हा कधी एका छपराखाली येतील कोण जाणे, म्हणून घरच्यांचा एक नीट फोटो काढून घ्यायचाय, दिवाणखान्यात मोठा करून लावता येईल असा. आणि आईंचा एकटीचा एक. होमहवन, तुला वगैरे विधींचे फोटो पुतण्या काढणार आहे, त्याची चिंता नाही.

तीन ठिकाणी बोलणं झालंय. एक पुण्याचे, इन्स्टाग्रामवर प्री-वेडिंगचे फोटो अप्रतिम आहेत, ४५,००० सांगतात, त्यात ड्रोन आणि रील. दुसरे साताऱ्याचे नवरा-बायको, लग्नाची कामं करतात, १५,००० म्हणाले. तिसरे आमच्या गावातले स्टुडिओवाले काका. पासपोर्ट फोटो आणि शाळांचे वर्गफोटो हेच त्यांचं काम, सहा हजारांत करून देतो म्हणतात.

आईंचे गुडघे धरलेत, चष्मा जाड आहे, डाव्या कानाने ऐकू येत नाही. नेसणार इरकल नऊवारी. धाकटा नातू अडीच वर्षांचा. पुण्याचे म्हणतात संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर घेऊ. यजमानांचा आग्रह की आपल्या वाड्याच्या चौकातच. पैशांपेक्षा मला काळजी आहे ती फोटो फसला तर पुन्हा घेता येणार नाही याची. माणूस पारखायचा कसा? काय काय विचारून घ्यायचं?

कोथरूडकर

ताई, एकच सांगते. फोटोतल्या चेहऱ्यावर नंतर कॉम्प्युटरवर किती हात फिरवणार हे आधी विचारा. बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही पुण्यात चांगल्या नावाच्या माणसाकडून फोटो काढून घेतले. हातात आले तेव्हा बाबांच्या कपाळावरचा व्रण गायब! लहानपणी विहिरीच्या काठावरून पडले होते, त्याचा व्रण. आम्ही पोरांनी ती गोष्ट शंभर वेळा ऐकलीय. मूळ फोटो मागितले तर म्हणे जागा करायला काढून टाकले. तो फोटो आईने भिंतीवर लावूच दिला नाही.

सांगलीचा स्टुडिओवाला

ताई, सांगलीत माझा स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो. आयुष्य याच कामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून घरच्यांच्या फोटोसाठी माणूस निवडू नका. तिथे शंभरातला एक असतो, आणि तोही दोन तरण्याताठ्या माणसांचा, ज्यांना वळ म्हटलं की वळता येतं. तुमच्याकडे गुडघे धरलेल्या आजी आहेत, अडीच वर्षांचं पोर आहे आणि फोटोला उभं राहायचं म्हटलं की अंग आखडून घेणारे चार-पाच पुरुष असणारच. हे वेगळं काम आहे. तिघांकडेही एकच मागणी करा: वीसपेक्षा जास्त माणसांचा, साध्या घरात काढलेला फोटो मूळ आकारात पाठवा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला तर बारीक होऊन येतो, डॉक्युमेंट म्हणून मागवा. मग कॉम्प्युटरवर मोठा करून आधी कडेची माणसं बघा. जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावली असेल तर टोकाची माणसं आडवी सुटतात, डोकी ताणली जातात. मग मागची रांग बघा. पुढच्यांच्या पापण्या दिसतात आणि मागचे धूसर, असं असेल तर त्या माणसाला एकट्यादुकट्याचे फोटो काढायची सवय आहे. मागची भिंत विरघळवायला लेन्स पूर्ण उघडी ठेवतात, तीच सवय तीन रांगांना मारक ठरते. ग्रुपला लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८ च्या आसपास जावंच लागतं, आणि तेवढं जायचं तर उजेड पुरता हवा. म्हणून दिवे कोणते आणणार हेही विचारा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ तोंडावर मारणारा असेल तर आईंच्या चष्म्यात दोन पांढरे ठिपके आणि साडीच्या काठावर नुसती चमक, एवढंच हाती येईल.

तुमच्या गावातल्या काकांना मोडीत काढू नका. वर्गफोटो काढणाऱ्याला साठ पोरं अशी बसवता येतात की एकाचंही तोंड दुसऱ्याच्या खांद्याआड जात नाही. ही विद्या आता फार थोड्यांकडे राहिलीय, आणि मला तिचं मोल वाटतं. फक्त दिवे आणि चष्मे ते कसे सांभाळतात ते बघा. शिक्षकांच्या रांगेतले चष्मेवाले मोठे करून पाहिलेत की लगेच समजेल.

दुसरी कसोटी, सत्तरीपुढच्या माणसाचा एकट्याचा फोटो मागा. सुरकुत्या जागेवर आहेत का बघा, आणि हात दिसतात का. म्हातारं माणूस हातात असतं हो. पाटल्या घातलेले, बोटं वाकडी झालेले हात मांडीवर नीट आले तर तो फोटो पुढच्या पिढीला काही सांगेल. नुसता चेहरा कापून घेतला तर तो आधार कार्डाचाच मोठा भाऊ.

मेणवलीचा घाट सुरेख आहे, सिनेमावाले उगाच येत नाहीत. पण पायऱ्या उतरून आईंना न्यायचं, परत चढवायचं. डिसेंबरच्या शेवटी सुट्ट्यांमुळे पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी त्या बाजूला वळते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरांमुळे ऊन त्याआधीच जातं. २३ माणसं गाड्यांतून उतरून रांगेत उभी राहीपर्यंत उजेड संपलेला असेल. यजमानांचं ऐका, वाड्यातच घ्या.

मात्र चौकात अर्धं ऊन अर्धी सावली असताना कुणालाही कॅमेरा काढू देऊ नका. ऊन चौकात उतरायच्या आधी किंवा पार निघून गेल्यावर आभाळाचा मऊ उजेड मिळतो. तोही चौकाच्या मधोमध उभं राहिलं तर डोक्यावरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यापेक्षा ओसरीच्या कडेशी, चौकाकडे तोंड करून बसवलं की तोच उजेड समोरून येतो. पोरं खाली सतरंजीवर, आई मधोमध खुर्चीवर, दोन्ही बाजूंना त्यांच्या बरोबरीची माणसं, बाकीचे मागे ओसरीवर उभे. ओसरीच्या उंचीने मागची रांग आपोआप वर जाते. तिथे उजेड कमी पडेल, तो दिव्याने भरून काढावा लागेल. भिंती हिरव्या-निळ्या ऑइलपेंटच्या असतील तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो, तेही पाहायला हवं.

यातलं काही तुम्ही फोटोग्राफरला सांगू नका. आधी एकदा घर बघायला या म्हणा. जो यायला कां-कू करेल त्याला सोडा. जो येईल तो चौकात उभा राहून वर आभाळाकडे बघतो का, आणि आईंशी चार शब्द बोलतो का, एवढं पाहा. माझ्या लेखी निम्मी निवड तिथेच होते.

वाईची सून

काका, किती मनापासून लिहिलंत! भिंती खरंच हिरव्या आहेत. दोन शंका: फोटोपुरता चष्मा काढायला सांगावा का? आणि इरकलीच्या बारीक चौकटी फोटोत चांगल्या दिसत नाहीत असं जाऊबाई म्हणतात, खरं आहे का?

सांगलीचा स्टुडिओवाला

चष्मा मुळीच काढू नका. नातवंडांनी त्यांना चष्म्याशिवाय पाहिलेलंच नसेल, आणि नाकावरचे वळ दिसतात ते वेगळंच. दिवा जरा उंच आणि बाजूला घेतला, हनुवटी किंचित खाली आणली आणि कानामागच्या काड्या तसूभर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक जाते. जाणत्या माणसाला हे येतं.

जाऊबाईंचं म्हणणं खरं आहे. बारीक चौकटींवर डिजिटल कॅमेऱ्यात कधीकधी पाण्यावर तेल पसरावं तसे रंगीत पट्टे उमटतात. साडी बदलायचं कारण नाही. कॅमेऱ्याचं अंतर थोडं बदलून दोन-तीन फोटो घ्यायचे आणि तिथल्या तिथे मोठे करून बघायचे.

आणि फोटोग्राफरने आईंच्या उजव्या बाजूला येऊन, जवळ बसून बोलायला हवं. कॅमेऱ्यामागून ओरडून सांगितलं तर ऐकण्यासाठी त्या मान वळवतील, कपाळाला आठ्या पडतील, आणि फोटोत त्याच उतरतील.

ठाण्याचा वकील

लेखी काय घ्यावं याबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा असतो. अडचण येते ती ‘वेगळा करार नसेल तेव्हा’ या शब्दांत. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात ‘सर्व हक्क आमचे, जाहिरातीसाठी वापरू’ असं छापलेलं असतं आणि आपण सही करून मोकळे होतो. ते वाक्य खोडून दोघांनी शेजारी सही करा. घरात लहान मुलं आहेत, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय कुणाच्या पेजवर जायला नकोत. फाइल किती मिळणार, किती दिवसांत मिळणार, ते जपून किती महिने ठेवणार, ॲडव्हान्स किती आणि ऐन वेळी स्वतः येता आलं नाही तर कुणाला पाठवणार, हेही लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून त्यांचं ‘हो’ आलं तरी काहीच नसल्यापेक्षा कितीतरी बरं.

फ्रेमवाली

दादरला फ्रेमचं दुकान आहे, म्हणून माझ्याकडून भर. १२ × १८ इंचाला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. २४ × ३६ चा फोटो लांबून बघतात, तिथे १५० पुरतात, म्हणजे आकडा तोच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे सहज बसतं, तेव्हा कॅमेरा केवढ्याचा यावर कुणाला जास्त पैसे देऊ नका. प्रिंटसाठी मात्र हात आखडता घेऊ नका. काच फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. वाईचा पावसाळा लक्षात घेता बाहेरच्या ओल्या भिंतीवर तर लावूच नका, बुरशी धरते. उन्हाची तिरीप येते ती भिंतही नको, रंग उडतात.

वाईची सून

सगळ्यांचे आभार. काल-परवात बरंच घडलं, ते सांगते.

पुण्याच्यांकडे वीसजणांचा फोटो मागितला तर चार सुंदर फोटो आले, चारही जोडप्यांचे. घर बघायला येण्याचे पाच हजार वेगळे म्हणाले. त्यांचा विषय संपला.

गावातल्या काकांचे वर्गफोटो पाहिले. रांगा अशा की बघत राहावं, एक चेहरा झाकलेला नाही. पण चष्मेवाल्या शिक्षकांच्या डोळ्यांत फ्लॅश लख्ख होता. विचारलं तर म्हणाले, माझ्याकडे दिवा तोच एक आहे.

साताऱ्याचे दोघं रविवारी स्वतःहून येऊन गेले. त्यांनी पाठवलेला तीसजणांचा फोटो कडेपर्यंत स्वच्छ होता, पण चेहरे गोरे केलेले. तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, गिऱ्हाइकं मागतात म्हणून करतो, तुमचे नाही करणार, आणि ते लिहूनही दिलं. नवऱ्याने हिरव्या भिंतीपाशी हात धरून पाहिला आणि मागे पांढरी चादर लावायला चालेल का विचारलं. ती तोवर आईंच्या डाव्या बाजूला बसली होती, आईंनी कानाची खूण केल्यावर उठून उजवीकडे आली, आणि मग दोघींच्या पंधरा मिनिटं पाटल्यांवर गप्पा. त्यांना ठरवलंय. वकीलसाहेब, जाहिरातीची ओळ खोडून घेतली.

आता कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी घ्यावा की आदल्या दिवशी?

सांगलीचा स्टुडिओवाला

आदल्या दिवशी. होमाच्या धुराने आईंचे डोळे लाल होतील, पाहुण्यांनी पाया पडून पडून त्या थकतील, आणि पुरुष मंडळी जेवणाच्या पंगतीत अडकतील. आधी आईंचा एकटीचा घ्या, त्या ताज्या असताना. मग सगळ्यांचा. २३ जणांत कुणीतरी डोळे मिटतोच, तेव्हा ट्रायपॉडवरून न हलता पंधरा-वीस फोटो घ्यायला सांगा, एकातला चेहरा दुसऱ्यात बसवता येतो.

दीर-नणंद त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत पोचतील ना तेवढं पक्कं करा. आणि नातू सकाळी किती वाजता उठतो, कधी खातो ते साताऱ्याच्या दोघांना आजच कळवा. चौकातलं ऊन आणि त्याचं पोट, दोन्हींचा मेळ बसेल ती वेळ धरायची.