आपण शब्द वाचतो की नुसता ओळखतो? (मुलगा 'कोंढवा'चं 'कोथरूड' करतो)

सिंहगडरोडची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्रजी. मराठी वाचतो पण निम्मं अंदाजाने. परवा डेक्कनला बसस्टॉपवर उभे होतो, समोरून बस आली, म्हटलं वाच बरं पाटी, तर 'को' बघितलं आणि 'कोथरूड' म्हणून मोकळा. पाटीवर होतं कोंढवा! धडा वाचताना पण तेच, 'पावसात' लिहिलेलं असलं तर 'पाऊस' वाचतो आणि पुढचं वाक्य चित्राकडे बघून स्वतःच रचतो, आणि इतक्या आत्मविश्वासाने की ऐकणाऱ्याला वाटावं पुस्तकच चुकलंय.
क्लासच्या मॅडम म्हणतात की चांगलंय, अक्षर अक्षर लावत बसायचं नाही, मोठी माणसं पण शब्दाचं चित्र बघूनच वाचतात. शब्दकार्डांचा एक गठ्ठाच दिलाय पाठ करायला. सासूबाई म्हणतात आधी बाराखडी पक्की करा. मी मधल्यामधे. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः कशी वाचते तेच मला सांगता येईना, बसची पाटी मी वाचत नाहीच, ती दिसते आणि कळते, नको असलं तरी कळते. म्हणजे मॅडमचं बरोबर का?

कट्ट्यावरचा_बंड्या
मॅडम बरोबर आहेत. केंब्रिज युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय ना, व्हॉट्सॲपवर आलेलं, पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही टाका, माणूस वाचतो. हे घ्या: 'सशिदाव पेठेत दुरपाच्या वेळी बेल वाजवू नये.' वाचलंत की नाही?

आकलन_नापास
बंड्या, वाचलं, पण ते पुण्यातल्या माणसाला ती पाटी तोंडपाठ असते म्हणून 😄
त्या फॉरवर्डबद्दल एकदाच सांगून टाकते (मानसशास्त्रात एमए केलंय, कुठेतरी उपयोग होऊ दे). केंब्रिजने असं काही सिद्ध केलेलं नाही. २००३ च्या सुमारास ते फिरायला लागलं तेव्हा केंब्रिजमधेच भाषेवर काम करणारे मॅट डेव्हिस नावाचे संशोधक आहेत, त्यांनाच लिहावं लागलं की बाबांनो इथे असा प्रयोग झालेलाच नाही. त्याच्याशी थोडंफार जुळणारं काम म्हणजे ग्रॅहम रॉलिन्सन यांचा १९७६ चा प्रबंध, आणि तो नॉटिंगहॅमचा. पुढे २००६ मधे रेनर आणि सहकाऱ्यांनी नीट मोजलं. सरळ इंग्रजी मजकूर मिनिटाला साधारण २५५ शब्द, मधली अक्षरं हलवली की २२७, आणि सुरुवातीची हलवली की १६३ वर आले लोक. म्हणजे वाचता येतं, पण फुकट नाही. मेंदूला नुसतं चित्र पुरत असतं तर एवढा फरक का पडला असता?
शिवाय तुझ्या वाक्यात 'वेळी', 'बेल' आणि 'नये' तू हलवलेच नाहीस, कारण दोन अक्षरी शब्दात मधलं असतंच कुठे.

आता आईंचा प्रश्न. 'चित्र' ही कल्पना आली कुठून तर जुनी आहे. कॅटेल नावाच्या माणसाने १८८० च्या दशकात दाखवलं की क्षणभर दाखवलं तर सुटी अक्षरं वाचण्यापेक्षा शब्द पटकन वाचला जातो. लोक म्हणाले, बघा, आख्खा शब्द एकदम दिसतो. मग १९६९ मधे रायशर यांनी प्रयोग जास्त काटेकोर केला, शब्दातलं एक अक्षर विचारलं, तेच अक्षर एकटं दाखवून विचारलं, तर शब्दात असताना जास्त बरोबर ओळखलं जातं. इथपर्यंत मॅडम खूष. पण पुढे असं दिसलं की अर्थ नसलेला पण उच्चारता येईल असा बनावट शब्द दाखवला तरी फायदा होतोच. जो शब्द जन्मात पाहिला नाही त्याचं चित्र डोक्यात असेल कसं? म्हणजे आपण अक्षरंच बघतो, फक्त एकामागून एक नाही, सगळी एकदम, आणि कुठलं अक्षर कुणाशेजारी बसतं याची सवय मदतीला येते.
शब्दाच्या बाह्यरेषेचं म्हणाल तर आपल्या लिपीत वरून शिरोरेघ, सगळे शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे, लांबून एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. 'कमळ' आणि 'कपाळ' यांची बाह्यरेषा सांगून दाखवा कुणीतरी.

खिळे_जुळवणारा
आम्ही शास्त्र शिकलेलो नाही, पण चाळीसेक वर्षं सदाशिव पेठेतल्या छापखान्यात आधी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवले आणि नंतर प्रुफं वाचली, तेव्हा दोन शब्द. नव्या मुद्रितशोधकाची पहिली अडचण ही की त्याला वाचता येतं. हसू नका. त्याला 'महाराष्ट' मधला र दिसतच नाही गेलेला, कारण डोक्याने तो आधीच भरून घेतलेला असतो. म्हणून आम्ही पट्टी धरायचो, एका ओळीखेरीज बाकी झाकायचं, आणि फारच घोळ असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं म्हणजे अर्थ आड येत नाही. चुकीचं अक्षर मुद्दाम बघावं लागतं, आपोआप दिसत नाही, हे मला शिकायला दोन वर्षं लागली आणि एका लग्नपत्रिकेचं नुकसान झालं. त्याबद्दल अधिक बोलत नाही.
पण ताई, यावरून अक्षरं बघत नाही असं समजू नका. मला आधी खिळा न् खिळा माहीत होता म्हणूनच पुढे डोळा पळायला लागला. आणि पुण्यात राहून 'ध'चा 'मा' विसरून कसं चालेल. १७७३, शनिवारवाडा, नारायणराव. ती आख्यायिका खरी की खोटी ते इतिहासवाले बघतील, पण गोष्टीतल्या चिठ्ठीत 'धरावे' चं 'मारावे' झालं आणि वाचणाऱ्यांनी तेच वाचलं. नुसता आकार बघून वाचणारे गारदी असते तर फरकच कळला नसता हो.

आकलन_नापास
काका 🙏 लग्नपत्रिकेचा किस्सा वेगळ्या धाग्यात पाहिजेच.

रुमाल_सोडणारा
मी मोडी शिकतोय दीड वर्ष, पेशवे दप्तरातले कागद वाचता यावेत म्हणून. ज्यांना लहानपणी वाचायला शिकताना काय वाटत होतं ते आठवत नाही त्यांनी मोडी शिकावं, सगळं परत येतं. आधी ओळ आखलेली असते, मग तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्व दीर्घाचा पत्ता नाही. पहिल्या महिन्यात एका ओळीला अर्धा तास लागायचा आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची, अगदी 'क म ळ ब घ' वाचणाऱ्या पहिलीतल्या पोरासारखं.
पण गंमत बघा. 'राजश्री', 'कृतानेक', 'साष्टांग नमस्कार' ही पत्राची ठरलेली सुरुवात दहावीस वेळा अक्षर लावून वाचली आणि मग एक दिवस कळलंच नाही कधी, ती नुसती दिसायला लागली. कार्ड पाठ केलं नव्हतं कुणी. आणि जिथे अंदाज मारला तिथे आपटलो. एका कागदात 'सा' बघून गावाचं नाव सासवड वाचलं, पुढची तीन पानं सासवड धरून चाललो, अंतरं जुळेनात, परत मागे आलो तर सातारा. ताईंच्या मुलाचं कोंढवा आणि माझं सासवड एकच आजार आहे.

सिंहगडरोडची_आई
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. म्हणजे अंदाज ही हुशारी नाही तर? मॅडम तर म्हणाल्या संदर्भावरून ओळखणं हेच चांगल्या वाचकाचं लक्षण.

आकलन_नापास
तेही एका काळी खूप चाललं. १९६७ मधे केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाजांचा खेळ असं मांडलं, शाळाशाळांत पोचलं ते. मग वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी १९७८ मधे तपासलं, तर उलटंच निघालं, शब्द ओळखायला वाक्याच्या संदर्भावर जास्त टेकतात ती कच्ची वाचणारी मुलं. पक्क्या वाचकाला गरजच पडत नाही, संदर्भ यायच्या आत शब्द ओळखून झालेला असतो. डोळा एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात काम होतं. संदर्भ लागतो तो अर्थासाठी. 'जग' हा शब्द घ्या. 'सगळं जग' आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज वेगळा बोलतो आपण, लिहितो एकच, तो संदर्भाशिवाय ठरणार नाही. पण ते 'जग' आहे, 'जड' नाही, हे अक्षरांनीच कळतं.
आणि तुम्ही म्हणालात ना नको असलं तरी पाटी कळते, त्याची चाचणी घरी होते. हिरव्या स्केचपेनने 'लाल' लिहा, निळ्याने 'पिवळा', असे दहाबारा शब्द, आणि म्हणा शब्द वाचू नकोस, शाईचा रंग सांग. स्ट्रूप यांनी १९३५ मधे हेच केलं होतं. तुम्ही अडखळाल. मुलगा जितका कमी अडखळेल तितकं त्याचं वाचन अजून आपोआप व्हायचंय असं ढोबळपणे समजा, निदान वगैरे नव्हे हं. बाकी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन, चित्रावर हात ठेवून. चुकला की उत्तर सांगायचं नाही, बोट शब्दाच्या मधल्या अक्षराखाली न्यायचं. त्याचा अंदाज बहुधा तिथेच घसरतो.

कट्ट्यावरचा_बंड्या
स्ट्रूप करून बघितलं. माझी बायको पण अडखळली, फक्त तिच्या मते शाई निळी नाही, मोरपंखी आहे, त्यामुळे चाचणी रद्द.

सिंहगडरोडची_आई
तीन आठवड्यांनी अपडेट. शब्दकार्डं कपाटात. मोठ्याने वाचन रोज, रडारड पहिले चार दिवस, सासूबाईंचा चेहरा विजयी. स्ट्रूपमधे त्याने मला सरळ हरवलं, त्याचं काय ते आता कळतंय.
काल परत डेक्कनला. बस आली, त्याने तोंड उघडलं, बंद केलं, मग पुटपुटला, को... कों... ढ... कोंढवे धावडे. तोपर्यंत बस सुटली. ती आमची नव्हतीच, पण घरी येईपर्यंत एकच प्रश्न, आई धावडे म्हणजे कोण?

खिळे_जुळवणारा
उत्तर देऊ नका. पाटीखालचं वाचायला लावा.