मागच्या माळावरचं गवत: सोसायटी ग्रुप

पाटील (ए-१०२): काल रात्री परत पार्किंगमध्ये साप. माझी नात तिथेच सायकल चालवत होती. नंदिनी नदीकाठच्या त्या तुकड्यावर देशी गवत-झाडं परत आणायचं मृणाल आणि आहेर आजोबांचं काम दोन वर्षं चालू आहे, मिळालं काय? कमरेएवढं गवत. गणपतीच्या आत कापायचं की नाही, तेवढं सांगा.

सोनवणे (सी-४०४): सापाला पार्किंग स्टिकर देऊन टाका 😂

पाटील: सोनवणे, तुमची मुलं हॉस्टेलला आहेत म्हणून हसू येतंय.

मृणाल (बी-३०२): काका, नातीची काळजी आम्हालाही आहे. सर्पमित्र बघून गेले. धामण होती, बिनविषारी. ती उंदरांमागे येते, आणि उंदीर कुठून येतात ते ए विंगच्या जिन्याखाली बघा.

जोशी वहिनी (ए-२०१): ए विंगचं नाव कशाला? घंटागाडी गेल्यावर पिशव्या कोण ठेवतं ते सीसीटीव्हीत आहे. कमिटीला सगळं माहीत आहे.

चेअरमन: विषयांतर नको 🙏

पाटील: कचऱ्याचं नंतर बघू. गवत कापायचं की नाही?

मृणाल: आत्ता नको. पवना, मारवेल ही देशी गवतं फुलोऱ्यावर आहेत. दिवाळीनंतर बी खाली पडलं की कापू. पेटवायचं मात्र कधीच नाही. शिवाय ओढ्यावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागलेत. नर पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो आणि पट्टी धरून उडतो, ती लांबच लांब सोलून निघते. गवतच गेलं तर अर्धवट खोपे तसेच लोंबकळत राहतील.

देशमुख (सी-१०१): त्यापेक्षा झाडं लावा ना. गुलमोहराची १०० रोपं मी देतो.

आहेर आजोबा (बी-१०१): देशमुख, देताय हे चांगलंच. पण गुलमोहर मादागास्करचा. ओढ्याकाठी उंबर, करंज, वाळुंज द्या. वरच्या खडकाळ माळावर काहीच नको, तिथे टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. आधी कोणीतरी सुबाभूळ लावली, तीही बाहेरचीच आणि भराभर पसरणारी, तिची रोपं आम्ही अजून उपटतोय.

पाटील: दोन वर्षं उपटताय.

आहेर आजोबा: उपटू अजून. आपल्या नाशिकच्याच फाशीच्या डोंगरावर लोकांनी झाडं लावून केलेली देवराई २०१५ ला सुरू झाली, आज जाऊन बघा. बोरगडचा डोंगर २००८ ला संवर्धन राखीव (सरकारनं राखलेलं जंगल) झाला, तिथेही आधी लोक राबले होते. खालच्या डबक्यात यंदा बेडूक ओरडले, ते तुमच्याच गॅलरीत ऐकू येतात ना?

पाटील: झोप लागत नाही त्यांच्यामुळे. कापायचं की नाही??

सोनवणे: बेडकांना मेंटेनन्स लावा.

जोशी वहिनी: आधी थकबाकीदारांना लावा.

चेअरमन: 🙏🙏

मृणाल: काका, कंपाउंडलगत सहा फुटांचा पट्टा रविवारी सकाळी ७ ला कापतो. पार्किंगच्या बाजूची भोकं बुजवतो, जिन्याखालची जागाही साफ करतो. पलीकडे हात लावायचा नाही. विळे घरून आणा.

पाटील: येतो. पण पेव्हर ब्लॉकचा विषय मी मीटिंगला घेणार म्हणजे घेणार.

आहेर आजोबा: घ्या. मीही येणार आहे मीटिंगला.