'फ्लॅपर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
आमच्या चित्रपट मंडळात 'थरोली मॉडर्न मिली' दाखवायचा आहे आणि त्याचा पानभर परिचय माझ्याकडे आलाय. १९६७ चा सिनेमा, दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, मिलीच्या भूमिकेत जूली अँड्र्यूज, काळ १९२२, शहर न्यूयॉर्क. इथवर सरळ लिहून झालं. अडलंय ते 'फ्लॅपर'पाशी, म्हणजे त्या काळच्या मिलीसारख्या नव्या वळणाच्या मुलींना इंग्रजीत जे म्हणत त्या शब्दापाशी. 'नखरेल', 'छचोर', 'उठवळ' असं काहीबाही सुचतंय, पण मिली तशी वाटत नाही. शिवाय नावातल्या 'थरोली'साठी 'पूर्णपणे' फारच मिळमिळीत होतंय. सुचवा कुणीतरी.

प्रतिसाद:
'छचोर' आणि 'उठवळ' कृपा करून नकोत. हे शब्द मुलीच्या चालचलणुकीवर शेरा मारतात. मिली न्यूयॉर्कला येते ती नोकरी करायला. लघुलेखन, टंकलेखन येणारी मुलगी आहे ती, आपल्या भाषेत स्टेनो. स्वतःचा पगार, भाड्याची खोली, आखूड केस, आखूड झगा आणि कुणाशी लग्न करायचं ते आपलं आपण ठरवायचं, हे सगळं मिळून फ्लॅपर. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क १९२० साली मिळाला, त्यानंतरची ही पिढी. ब्रिटनमध्ये तर २१ ते २९ वयाच्या बायकांना १९२८ साली मत मिळालं, तेव्हा विरोधक त्याला 'फ्लॅपरांचं मत' म्हणून हिणवत होते. म्हणजे शब्दात हेटाळणी होतीच, पण ती करणाऱ्यांची होती. परिचय लिहिताना आपण त्यांच्या बाजूला का जावं?

प्रतिसाद:
मूळ अर्थ पंख फडफडवणारं पिलू असाच ना? मग 'फडफडी' का नको? की बुटांची बक्कलं उघडी ठेवून फटक फटक चालायच्या म्हणून फ्लॅपर, ते खरं?

प्रतिसाद:
बुटांची गोष्ट मागाहून जोडलेली आहे. तशी फॅशन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात होती खरी, पण इंग्लंडमध्ये अल्लड मुलीला फ्लॅपर म्हणणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. उडायला शिकणाऱ्या पिलाची व्युत्पत्तीच जास्त पटते.

तरी 'फडफडी' चालणार नाही. मराठीत फडफड म्हटलं की विझायला आलेला दिवा आठवतो, पिंजऱ्यात अडकलेला पक्षी आठवतो. त्यात घाबरणं आहे, उडू बघणं नाही. उडू बघण्यासाठी आपल्याकडे तयार बोल आहे: 'पंख फुटलेत तिला!' घरातली मोठी माणसं हे कुठल्या सुरात म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. थोडी धास्ती, थोडा राग आणि मुलगी आता हाताशी राहणार नाही याची कबुली. फ्लॅपर शब्दाचा सूर नेमका हाच आहे. नाम म्हणून तो वापरता येणार नाही, पण समजावून सांगताना जरूर वापरा.

माझं मत: शब्द 'फ्लॅपर' असाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात खुलासा करा. त्याच दशकात आपल्या मुंबईच्या मूकपटांनीही हेच केलं होतं. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे पडद्यावरच्या सुलोचना, सिनेमात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. १९२६ साली त्यांचे 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल' आले. कामही नवं आणि ते करणारी बाईही नवी, म्हणून नाव जसंच्या तसं घेतलं. 'बॉबकट' तर आपण इतका आपलासा केला की तो परका वाटतच नाही. मिली सुरुवातीलाच करून घेते तो हाच.

प्रतिसाद:
'थरोली'साठी 'नखशिखांत' घ्या. 'नखशिखांत मॉडर्न मिली'. हा शब्द मला इथे फार आवडतो, कारण सिनेमाची सुरुवात अक्षरशः नखशिखांत आहे. मिली रस्त्यावरच्या बायका बघते आणि एकेक करून स्वतःला बदलत जाते. केस कापले, झगा वर गेला, टोपी आली. मग मण्यांची लांब माळ घातली, तर ती सरळ लोंबेना! मूकपटांसारखी अक्षरांची पाटी पडद्यावर येते, आणि माळ सरळ पडायची तर छाती सपाट दिसायला हवी, हे मिलीच्या ध्यानात येतं. एका माळेत त्या काळाची सगळी फॅशन सांगून टाकली आहे.

'अंतर्बाह्य' मात्र नको. आतून ती तितकी बदललेली नाही, आणि सगळी कथा त्यावरच उभी आहे. लग्न हा व्यवहार, तेव्हा साहेबाशीच करायचं, असा तिचा मॉडर्न बेत. आणि जीव जडतो तो खिशात काही नसलेल्या (असं तिला वाटतं त्या) जिमीवर.

जाता जाता, परिचयात '१९२२ चा हुबेहूब काळ' असं लिहू नका. गुडघ्यापर्यंतचे झगे १९२५-२६ च्या सुमाराचे, आणि मिली गाते ते 'बेबी फेस' १९२६ चं. मिली राहते त्या हॉटेलातल्या चिनी पात्रांचं चित्रणही आज खटकतं. मुली पळवून विकणाऱ्या टोळीचं उपकथानक त्यांच्या आधारावर उभं केलंय, आणि ते विनोद म्हणून खपवणं मला पटत नाही. एका ओळीत तसं सांगून टाकलेलं बरं.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. 'फ्लॅपर' तसाच ठेवते, 'नखशिखांत' घेते आणि झग्यांचं व चिनी पात्रांचंही लिहिते. आता शेवटचं एक. सिनेमात कॅरल चॅनिंगने केलेली मझी उठता बसता 'रास्पबेरीज!' म्हणते. फळाचं नाव लिहिलं तर कुणाला काय कळणार?

प्रतिसाद:
ओठांतून जीभ काढून 'फुर्रर्र' करतात ना, त्या आवाजाला इंग्रजीत रास्पबेरी म्हणतात. मझीच्या तोंडी तो निव्वळ उद्गार आहे, कधी वैतागाचा, कधी नुसत्या उत्साहाचा. 'छ्या!' लिहिलंत तर वैतागच उरेल. 'फुर्रर्र!' लिहा. कॅरल चॅनिंगच्या त्या घोगऱ्या, किरकिऱ्या आवाजात तो नक्की ऐकू येईल.